श्यामची आई, फ्रॉइडचे वडील

मागच्या वेळी आपण फ्रॉइडच्या त्या प्रसिद्ध पाच अवस्था बघितल्या. मुखावस्था, गुदावस्था, लिंगावस्था, सुप्तावस्था, जननेंद्रियावस्था. बी.एड.ला असलेली मंडळी त्या पाठ म्हणून दाखवतात, तशा मीही म्हणून दाखवल्या. इदम्, अहम्, पराहम् झालं. एरिक्सनच्या आठ अवस्थांचा तक्ता फळ्यावर काढला, तुम्ही सगळ्यांनी फोनवर त्याचे फोटो काढले. (हशा) व्याख्यान बरं झालं असं सगळे म्हणाले.

मग खाली जिन्यात एका ताईंनी मला थांबवलं. कोपरखैरण्याला राहतात, नोकरी बेलापूरला. त्या म्हणाल्या, "सर, हे सगळं ठीक आहे. पण आमच्या घरी 'श्यामची आई' आहे. सासूबाईंनी मुलीला वाढदिवसाला दिलं. रोज रात्री एक प्रकरण वाचते मी तिला. आणि वाचताना मला शरम वाटते. माझी मुलगी सहा महिन्यांची असल्यापासून पाळणाघरात आहे. तुमच्या फ्रॉइडच्या हिशेबानं आणि सानेगुरुजींच्या हिशेबानं, दोन्हीकडून मी नापासच ना?"

मी तेव्हा काहीतरी गुळमुळीत बोललो. तसं नसतं हो, वगैरे. घरी जाईपर्यंत ते डोक्यात राहिलं. दोन पूर्ण वेगळ्या जगांतली पुस्तकं, एक व्हिएन्नातलं आणि एक पालगडातलं, आणि एका बाईला दोन्हीकडून एकच निकाल ऐकू येतो. तेव्हा आजचं व्याख्यान ठरलेल्या विषयाला थोडं सोडून आहे. आज मानसविश्लेषणाचे सिद्धांत समजावून सांगायचे नाहीत. ते आपल्या एका पुस्तकावर घासून बघायचेत. दोन्हीपैकी कशाचा कस लागतो ते बघू.

आधी पुस्तकाबद्दल थोडं, कारण आपल्याला ते माहीत आहे असं आपल्याला वाटतं. बऱ्याच जणांना ते सिनेमावरून माहीत असतं. अत्र्यांचा सिनेमा १९५३चा, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट. वनमालाबाई आई, माधव वझे श्याम. पुस्तक त्याच्या बरंच आधीचं. गुरुजींनी त्याचा मोठा भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिला. १९३५ला ते छापून आलं. लिहिताना गुरुजी तेहतीस वर्षांचे होते. आई जाऊन सोळा वर्षं झाली होती. १९१७ साली ती गेली तेव्हा ते शिक्षणासाठी दूर होते आणि शेवटची भेट झाली नाही. हे लक्षात ठेवा, आपण याच्याकडे परत येणार आहोत.

रचनाही बघा. पुस्तकात प्रकरणं नाहीत, रात्री आहेत. आश्रमातली मंडळी रात्री जमतात, मोठा झालेला श्याम बोलतो, बाकीचे ऐकतात. पुन्हा दुसऱ्या रात्री. मानसविश्लेषण माहीत असलेल्या माणसाच्या मनात लगेच चमकतं की अरे, ही तर बैठक झाली! ठरलेली वेळ, बोलणारा एक, विषय बालपण. पण इथेच फरकही आहे. व्हिएन्नाच्या त्या कोचावर पडलेला माणूस जे सुचेल ते बोलतो, संगती लावत नाही. श्याम संगती लावूनच बोलतो, प्रत्येक रात्रीला एक शिकवण आहे. आणि ऐकणारे मित्र कधी असं म्हणत नाहीत की श्याम, हे तू सांगितलंस, पण याच्या शेजारचं काय सांगायचं राहिलं?

ते विचारण्याचं काम समीक्षेचं. पण ते करण्याची एक फार सोपी, फार वाईट पद्धत आहे. ती आधी बाजूला काढतो.

सोपी पद्धत अशी: मुलगा आईत अडकलेला, बाप फिका, मुलगा पुढे लग्न करत नाही, निष्कर्ष इडिपस. दोन मिनिटांत समीक्षा तयार. कॉलेजच्या चर्चासत्रांत मी हे ऐकलेलं आहे आणि मला त्याचा राग येतो. पवित्र पुस्तकाला हात लावला म्हणून येत नाही. पुस्तक न वाचताही हा निष्कर्ष काढता येतो, म्हणून येतो. फ्रॉइडला स्वतःला या प्रकाराची धास्ती होती. १९१०मध्ये त्यानं एक छोटा लेख लिहिला, अशा रानटी, बेफाम विश्लेषणाबद्दल. समोर माणूस नसताना, त्याचं ऐकून न घेता, पुस्तकातला सिद्धांत त्याच्या डोक्यावर आपटायचा, हे त्याला मान्य नव्हतं.

आणि गंमत अशी की त्याच १९१० साली त्यानं स्वतः नेमकं तेच केलं. लिओनार्दो दा विंचीवर पुस्तक लिहिलं. लिओनार्दोनं वहीत एक आठवण लिहून ठेवली होती, की मी पाळण्यात असताना एक पक्षी आला आणि त्यानं शेपटी माझ्या ओठांवर मारली. फ्रॉइडनं जर्मन भाषांतर वाचलं. त्यात पक्षी होता गिधाड. मग गिधाडावरून तो इजिप्तला गेला, गिधाडाच्या डोक्याची मातृदेवता, सगळी गिधाडं मादीच असतात ही जुनी समजूत, बापाविना वाढलेलं मूल, असा केवढा मोठा इमला उभा राहिला. मूळ इटालियन शब्द होता घार. गिधाड नव्हतंच! आता आपल्याकडचं शाळेतलं पोरही घार आणि गिधाड यांत गल्लत करणार नाही. (हशा) हसा, पण ध्यानात ठेवा. चुकीच्या पक्ष्यावर उभा असूनही त्या पुस्तकातलं सगळं वाया गेलेलं नाही. अनौरस मुलाला दोन आया असण्याबद्दल त्यानं जे लिहिलंय ते आजही वाचण्यासारखं आहे. म्हणजे सिद्धांत टाकून द्यायचा नाही, पण पक्षी कुठला ते आधी बघायचं.

तर 'श्यामची आई'तला पक्षी बघू.

श्यामचं पोहणं ही रात्र आठवा. पावसाळा, विहिरी भरलेल्या, गावची पोरं पोहायला शिकतायत, आणि श्याम भित्रा, तो लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, काठीनं झोडपते आणि विहिरीकडे घालवते. तो पोहतो. मग तीच मायेनं जवळ घेते. आपल्या लहानपणी या प्रसंगाचं तात्पर्य सांगितलं जायचं की आईचं कठोर प्रेमसुद्धा प्रेमच. असेल. पण मला आज त्या मुलाबद्दल एक प्रश्न पडतो. अंगावर वळ उठेस्तोवर मार खाल्लेल्या मुलाला राग आला का? पुस्तकात तो राग फार वेळ टिकत नाही. आई रागावू शकते. मुलाच्या रागाची मात्र लगोलग शरम होते आणि शरमेचं रडू. संपूर्ण पुस्तकभर हेच होत राहतं. मूल चुकतं, आई समजावते किंवा मारते, मूल विरघळतं. मराठीत इतकं रडणारं दुसरं पुस्तक नसेल. आणि त्या रडण्यात माया आहे, पश्चात्ताप आहे, पण आईविरुद्धचा राग जवळजवळ कुठेच नाही.

इथे मला मेलनी क्लाइन उपयोगी पडते, फ्रॉइडपेक्षा जास्त. तिचं म्हणणं थोडक्यात सांगतो. तान्ह्या मुलाला एकच आई दोन वाटतात, दूध देणारी चांगली आणि वेळेवर न येणारी वाईट. वाईट आईवर ते मनातल्या मनात तुटून पडतं. मग हळूहळू त्याला कळतं की ही तर एकच बाई आहे, जिला मी ओरबाडलं तीच मला पाजते. तिथे अपराधीपणा जन्मतो, आणि त्यातूनच मोडलेलं जोडण्याची, भरपाई करण्याची इच्छा. क्लाइननं १९३७ साली प्रेम, अपराधभावना आणि भरपाई या विषयावर लिहिलं, म्हणजे आपल्या पुस्तकानंतर दोनच वर्षांनी. दोघांना एकमेकांचा पत्ताही नव्हता.

आता तुरुंगातला तेहतीस वर्षांचा माणूस बघा. आईच्या शेवटच्या दिवसांत तो तिथे नव्हता. ती कर्जात, आजारात, अपमानात झिजत होती तेव्हा तो शिकत होता. तिच्याच इच्छेनं, तिच्याच स्वप्नासाठी, पण होता दूर. अशा माणसानं सोळा वर्षांनी झपाटल्यासारखं बसून तिचं एकेक वाक्य, एकेक काम, एकेक भाजी आठवून लिहावी, याला मी भरपाई म्हणेन. आणि भरपाईच्या लिखाणात राग येत नाही, तिथे त्याला जागाच नसते. म्हणून हे पुस्तक आईचं चित्र नाही. ते आईला उशीर झालेल्या मुलानं वाहिलेली ओंजळ आहे. हे मी उणं म्हणून सांगत नाही. पण त्या ओंजळीला संगोपनाचा नकाशा समजून आपण घरोघरी वाटलं, तिथे घोळ झाला. श्राद्धाला आपण गेलेल्या माणसाचे दोष काढत नाही, बरोबर? शेवटच्या रात्रीचं नावच आईच्या स्मृतिश्राद्धाचं आहे. गुरुजींनी लपवलेलं काही नाही, आपणच नीट वाचलं नाही.

कोपरखैरण्याच्या ताई, तुम्ही आलायत ना? आहेत, मागे आहेत. तर तुम्ही स्वतःला ज्या आईशेजारी उभं करता ती कुणाचीच रोजची आई नाही. ती सोळा वर्षं मुलाच्या डोळ्यांतल्या पाण्यानं धुतलेली आई आहे. तिच्याशेजारी खुद्द यशोदाबाई साने उभ्या राहिल्या असत्या तर त्याही कमीच पडल्या असत्या.

इंग्लंडमध्ये डोनाल्ड विनिकॉट नावाचा एक बालरोगतज्ज्ञ होता, पुढे विश्लेषक झाला. १९५३ला, म्हणजे अत्र्यांचा सिनेमा आला त्याच वर्षी, त्याचा एक निबंध प्रसिद्ध झाला. मुलं ती गोधडीची चिंधी किंवा मळकी बाहुली सोडत नाहीत ना, धुऊही देत नाहीत, त्याबद्दलचा. त्यात तो पुरेशा चांगल्या आईची कल्पना मांडतो. सर्वोत्तम नाही, पुरेशी. सुरुवातीला ती मुलाच्या गरजेशी जवळजवळ तंतोतंत जुळवून घेते, आणि मग मुलाला झेपेल तसतशी कमी पडत जाते. कमी पडणं हा त्या चांगुलपणाचा भाग आहे, अपवाद नाही. आई कधीच कमी पडली नाही तर बाहेरचं जग खरं आहे हे मुलाला कळणार कसं? त्याच्या आधी, १९४९ साली, याच विनिकॉटनं आईला स्वतःच्या तान्ह्याचा राग का येतो याची चांगली लांबलचक यादीच छापली होती. बाईमाणसानं लिहिली असती तर तिला फाडून खाल्लं असतं.

आता बापाकडे येतो. मला आज मुख्य बोलायचंय ते इथे.

भारतात मानसविश्लेषण आलं ते कलकत्त्यात. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ला भारतीय मानसविश्लेषण संस्था काढली, फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार होता. १९२९च्या सुमारास त्यांनी फ्रॉइडला बजावून कळवलं की बापाचं भय, खच्चीकरणाची धास्ती हे जे तुम्ही मध्यभागी ठेवता, ते माझ्या हिंदुस्थानी रुग्णांत तसं दिसत नाही. पुरुष रुग्णांत स्त्री होण्याची इच्छा इथे सहज वर येते, युरोपात ती खोल दडलेली असते. फ्रॉइडनं सभ्यपणे उत्तर दिलं आणि आपलं मत काही बदललं नाही.

हे आपल्याला नवल वाटायला नको. आपण विटेवरच्या पुरुष देवाला विठाई म्हणतो. ज्ञानेश्वरांना माउली म्हणतो. एकविसाव्या वर्षी समाधी घेतलेल्या तरुणाला साऱ्या महाराष्ट्राची आई करून टाकली आपण, आणि त्यात कुणाला काही विचित्र वाटत नाही. 'श्यामची आई'त तर एका रात्रीचं नावच अर्धनारी नटेश्वर. मुलगा घरातली बायकी म्हटली जाणारी कामं करतो, आणि पुरुषाच्या अंगी स्त्रीची कोमलता यायला हवी असं गुरुजी उघड सांगतात. अगदी पहिल्या रात्री आजारी आईच्या वतीनं श्याम वडाला प्रदक्षिणा घालायला जातो. सावित्रीचं व्रत, आणि करणारा मुलगा! त्याला लाज वाटते, आई ती लाज मोडते. व्हिएन्नात याला निदान मिळालं असतं. आपल्याकडे त्याला पुस्तकाचं पहिलं पान मिळालं.

सुधीर कक्करांनी हाच धागा पुढे नेला. त्यांचं 'द इनर वर्ल्ड' १९७८चं. कक्कर एरिक्सनच्या तालमीतले, शेवटची वर्षं गोव्यात राहिले, २०२४ला गेले. ते म्हणतात की भारतीय मुलगा चार-पाच वर्षांपर्यंत आईच्या विश्वात असतो, आणि मग एकदम त्याला पुरुषांच्या जगात लोटलं जातं. हा जणू दुसरा जन्म. 'श्यामची आई' वाचताना हे पटतं. लहानपणी घर, मग दापोलीला आत्याकडे शिकायला, मग औंध, मग पुणे. प्रत्येक मुक्काम आईपासून थोडा आणखी लांब. आणि वडील? अळणी भाजीची रात्र आठवा. आई मीठ घालायला विसरते, वडील काही न बोलता जेवतात, मुलंही गप्प. मला हे प्रकरण फार आवडतं, कारण पुस्तकात वडील इतके स्पष्ट क्वचितच दिसतात. तिथेही ते बोलत नाहीत, न बोलूनच दिसतात!

पण कक्करांवर माझा एक आक्षेप आहे. ते भारतीय मुलगा म्हणतात आणि डोळ्यांसमोर जे घर आणतात ते बरचसं वरच्या जातीचं, एकत्र कुटुंबाचं, स्वयंपाकघरात आई आणि बाहेर ओसरीवर पुरुष असं घर आहे. बापाकडे निदान अधिकार आहे हे ते गृहीत धरतात. इडिपसची गोष्ट चालायलाही तेच लागतं. बाप मोठा हवा, मुलानं भ्यावं इतका मोठा. बापच गावापुढे वाकत असेल तर?

ज्या वर्षी कक्करांचं पुस्तक आलं त्याच वर्षी, १९७८लाच, मराठीत दया पवारांचं 'बलुतं' आलं. धामणगाव आणि मुंबईतला कावाखाना. बाप गोदीत काम करणारा, दारूत बुडालेला. गावाकडे गेलं की तोच बाप महार म्हणून ज्या जगात उभा राहतो तिथे त्याची मान वर होऊ शकत नाही. मुलगा ते बघतोय. आता या मुलाला बापाशी स्पर्धा करायची आहे, बापाचं भय वाटतंय, त्यातून पराहम् घडतोय हे सगळं जसंच्या तसं लावून दाखवा मला. लागत नाही. इथे मुलाच्या मनात भय आहे, पण ते गावाचं. बापाची त्याला कीव येते, शरम वाटते आणि त्या शरमेचीही शरम वाटते. मार्टिनिकच्या फ्रान्झ फॅनननं १९५२ला काळ्या माणसाबद्दल असंच काहीसं म्हटलं होतं, की मनाची जखम घराच्या आतून नाही, बाहेरून येते.

आणि आता ज्यासाठी मी हे शीर्षक दिलं ते. फ्रॉइड दहा-बारा वर्षांचा असताना वडील याकोब त्याला फिरायला नेत. एकदा वडिलांनी सांगितलं की मी तरुण होतो, शनिवारी नवी केसाळ टोपी घालून रस्त्यानं चाललो होतो. एक ख्रिश्चन आला, त्यानं टोपी उडवून चिखलात टाकली आणि म्हणाला, ज्यू, फुटपाथवरून खाली उतर. मुलानं विचारलं, मग तुम्ही काय केलंत? वडील शांतपणे म्हणाले, मी रस्त्यावर उतरलो आणि टोपी उचलली.

हे मी कुठून सांगतोय? फ्रॉइडच्याच स्वप्नांवरच्या पुस्तकातून, १९००च्या. तो पुढे लिहितो की माझा हात धरून चालणाऱ्या त्या धडधाकट माणसाचं हे वागणं मला काही वीराचं वाटलं नाही. आणि मग तो मनातल्या मनात हॅनिबल होतो, ज्याच्या बापानं त्याच्याकडून रोमवर सूड उगवण्याची शपथ घेतली होती.

म्हणजे फ्रॉइडलाही वाकणारा बाप माहीत होता! चिखलातली ती टोपी दया पवारांना लगेच ओळखू आली असती. फ्रॉइडनं आठवण प्रामाणिकपणे लिहिली, पण सिद्धांत करायची वेळ आली तेव्हा ती बाजूला राहिली आणि मध्यभागी आला तो खच्ची करण्याची धमकी देणारा बलाढ्य बाप. मला असं वाटतं, हे माझं मत आहे, की अपमानित बापाच्या मुलानं बलाढ्य बापाचा सिद्धांत लिहिला. त्याचीही ती एक भरपाईच असेल. बघा, मीही रानटी विश्लेषण करायला लागलो. (हशा) संगतच वाईट.

ही टोपी हातात घेऊन 'श्यामची आई' परत वाचा, वडील वेगळे दिसायला लागतात. घराणं एके काळचं खोताचं, वैभवाचं. आता कर्ज. सावकाराचा माणूस दाराशी येऊन अपमान करतो, जप्तीची भाषा होते. त्या रात्रीला नाव अब्रूच्या धिंडवड्यांचं. वडील निष्प्रभ आहेत ते आई मोठी आहे म्हणून नाहीत. त्यांची टोपी चिखलात पडलेली आहे म्हणून आहेत. आईत अडकलेला मुलगा असं जे वाचन होतं त्यात ही सावकारी, ही खोती, १९००नंतरचा बुडत चाललेला कोकण येतच नाही. कर्जाच्या रात्री काढून टाका, आईच्या रात्री उरणार नाहीत, कारण आईचं मोठेपण तिथेच घडलंय, वडिलांची लाज झाकता झाकता. अर्थात हे आणि 'बलुतं' एकाच मापानं मोजायचं नाही. कर्ज फिटू शकतं. जात फिटत नाही.

थोडं आपल्या गावाकडे. आपण बसलोय ती जमीन कुणाची होती? सिडको १९७०ची. त्याआधी इथे भातशेती, मिठागरं, मासेमारी, आगरी आणि कोळी गावं. त्या गावांतली आई सकाळी शेतावर नाहीतर पाटी घेऊन बाजाराला. मूल आजीकडे, काकीकडे, शेजारच्या मोठ्या पोरीच्या कडेवर. त्या मुलांना कुणी पाळणाघरातली बिचारी म्हटलं नाही. स्टॅन्ली कुर्ट्झ नावाच्या अभ्यासकानं १९९२च्या पुस्तकात कक्करांना हेच विचारलं, की तुम्ही एका आईला धरून बसलात, पण या घरांत मूल अनेक आयांच्या हातांतून फिरतं आणि त्यातूनच मोठं होतं. मला कुर्ट्झचं सगळं पटत नाही. काकीला आई म्हणणं आणि काकी आई असणं यांत अंतर आहे, आणि ते मुलांना बरोबर कळतं. पण प्रश्न योग्य आहे. फ्रॉइडलाही त्याची चेक दाई होती. तो अडीच वर्षांचा असताना तिला चोरीच्या आरोपावरून घालवलं, आणि मोठेपणीही तो तिला स्वप्नात शोधत होता. दोन आयांचा मुलगा तोही.

आपण मात्र वाशी-नेरूळच्या दोन खोल्यांत आलो ते गिरगावची चाळ, गावचं घर सोडून. हात कमी झाले, पुस्तक तेच राहिलं. पूर्वी चार बायका मिळून जे करत होत्या ते एका बाईनं करायचं, वर नोकरी, आणि रात्री तिनंच मुलीला 'श्यामची आई' वाचून दाखवायची. ताईंची शरम तिच्या मनात जन्मलेली नाही, ती या हिशेबातून आलेली आहे. आणि त्या घरात वडीलही आहेत. रात्रीचं वाचन त्यांनी का करू नये? श्याम वडाला फेऱ्या घालू शकतो, तर.

एक प्रश्न चिठ्ठीवर आलाय, तो आधी घेतो. गुरुजींनी ११ जून १९५०ला स्वतःचं आयुष्य संपवलं, त्याचं मूळ आईत शोधता येईल का? नाही. मी नाही शोधणार. ज्या माणसानं १९४७ला पंढरपूरचं देऊळ अस्पृश्यांना उघडं व्हावं म्हणून प्राण पणाला लावले, त्याच्या आयुष्यात नंतरच्या तीन वर्षांत फाळणी आहे, गांधींचा खून आहे, 'साधना' आहे, किती तरी आहे. सगळं ओलांडून थेट पालगडच्या माजघरात जायचं म्हणजे घारीचं गिधाड करणं. एरिक्सनचं 'चाइल्डहूड अँड सोसायटी' त्याच १९५०चं. त्यानं नंतर गांधींवर पुस्तक लिहिताना मध्येच थांबून गांधींनाच एक लांब पत्र लिहिलं, जणू तुम्ही समोर आहात आणि मला तुमच्याशी भांडायचंय. ती पद्धत मला बरी वाटते. मेलेल्या माणसाचं निदान करण्यापेक्षा त्याला पत्र लिहावं.

शेवटी एक गोष्ट सांगायची राहिली. आज व्याख्यानाआधी ताईंनी मला त्यांच्या मुलीनं विचारलेला एक प्रश्न सांगितला. नऊ वर्षांची आहे. दहा-बारा रात्री ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "आई, श्यामच्या आईला मैत्रिणी नव्हत्या का?"

फ्रॉइड, क्लाइन, विनिकॉट, कक्कर, कुणीच हा प्रश्न विचारलेला नाही बघा. सगळ्यांकडे आई म्हणजे मुलाला काय झालं याचं कारण. ती स्वतः कोण, तिला काय हवं होतं, हे जेसिका बेंजामिनसारख्या बायकांनी १९८०नंतर विचारायला घेतलं. मराठीत मात्र उत्तर आधीच तयार होतं, आणि तेही 'श्यामची आई'च्याच काळात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४चा. तिथे आई स्वतः बोलते. तिचे वडील सोवळ्यानं झपाटलेले, घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे. फ्रॉइडच्या १९०९च्या त्या उंदीरवाल्या रुग्णाच्या शेजारी ठेवावं असं प्रकरण. आणि ती ते हसत हसत सांगते, नवऱ्याबद्दल चिडून सांगते, मुलांबद्दल कंटाळून सांगते. तिला मैत्रिणी आहेत, शेजारणी आहेत, भांडणं आहेत.

मी ताईंना म्हटलं की श्रीखंडाच्या वड्या वाचून झाल्या की मध्ये थोडे दिवस 'स्मृतिचित्रे' वाचा. त्या म्हणाल्या, मुलगी ऐकणार नाही, तिला आता श्यामच्या पुढच्या रात्री हव्यात, आई मरते ते तिला कळलंय आणि ते कधी येणार म्हणून ती रोज विचारते.

बरं. आता तुमचे प्रश्न घेऊ. मागचा माईक चालू करा जरा.